दोन घोट पाणी

"ताई, पोटावरचं हे जेल केवढं गार आहे गं! कसला सूड उगवतेस?"

"गप पड. हसलास की चित्र हलतं."

लहानपणी ज्या पोटावर हात फिरवून धाकट्या भावाला झोपवायची, त्याच पोटावर डॉक्टर ताईने सोनोग्राफीचा प्रोब टेकवला. पडद्यावर यकृत उमटलं, त्याच्या आड स्वादुपिंड, पाठीशी महाधमनीचे संथ ठोके. स्वादुपिंडाच्या शेपटाशी बोराएवढा, पुसटसा काळा डाग होता. असे डाग तिने पाहिले होते. ज्यांच्या पोटात पाहिले, ती माणसं फार दिवस जगली नव्हती.

जठरातल्या हवेने नीट दिसेना. अशा वेळी ती पाणी पाजायची. भरल्या जठरातून मागचं स्वच्छ दिसतं.

भावाने पेला गटागटा संपवला. पडद्यावरचं जठर रिकामंच राहिलं.

"प्यायलास ना रे सगळं?"

"थेंब ठेवला नाही. ताई, तुझा चेहरा का उतरला?"

तिच्या घशाला कोरड पडली होती. प्रोब तसाच धरून तिने स्वतःच्या बाटलीतून एक घोट घेतला.

पडद्यावरच्या जठरात एक घोट उतरला.

तिने दुसरा घेतला. दुसराही उतरला, आणि त्या पाण्यामागे डागाच्या कडा हळूहळू स्पष्ट होत गेल्या.