शेपटीचा दोर

योस्ट मास्तरांनी रुमाल वर धरला. वारा खालच्या कुरणातून सरळ टेकडी चढत येत होता. पाहिजे होता तसाच.

"दोर कोण धरतंय?" त्यांनी विचारलं.

विचारायचं म्हणून विचारलं. आमच्या टेकडीवर ग्लायडरच्या शेपटीचा दोर उडणाऱ्याच्या घरचंच माणूस धरतं. वेंडेलिन सुतार पुढे आला. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

गेल्या पंधरवड्यात त्याचा मुलगा कास्पर याच उतारावर ग्लायडरसकट पडून वारला. वाऱ्याचा झोत आला, डावा पंख जमिनीला लागला, झालं. तेव्हाही दोर वेंडेलिननेच धरला होता. मोडलेलं ग्लायडर त्याने बैलगाडीवर घालून घरी नेलं आणि माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी रंधा हातात घेतला. डावा पंख नवा झाला. त्याचं कापड पांढरं होतं, उजव्याचं जुनं, पिवळं पडलेलं. आता बैठकीवर त्याची मुलगी रेगिना बसली होती. तिच्या मांडीवर फुलांचं चक्र होतं.

किलियान गिरणीवाल्याचा दिवस होता. आमच्या टेकडीवरून पहिला उडाला तो किलियान, वाळुंजाच्या काड्या आणि चादरी यांचे पंख करून. उडाला आणि मेला. दोर त्याच्या बायकोने धरला होता. सोडलं कोणी, असं फौजदाराने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी. दुसऱ्या कोणाचं नाव लिहू नका." रीत तिथून पडली. दरवर्षी त्या दिवशी कोणीतरी उडतं आणि त्याच्या आठवणीच्या दगडावर वरून फुलं टाकतं. दगडावर ती कधीच पडत नाहीत. एका वर्षी पाद्रीबाबांच्या गाईने खाल्ली.

"रेगिना, यंदा तरी नेम धर गं," बर्कार्ड खाटीक खालून ओरडला. तो ग्लायडरच्या नाकाला अडकवलेल्या, ते पुढे ओढायच्या रबरी दोराशी उभा होता, आणखी सात जणांबरोबर. "नाहीतर शोधायला आम्हालाच पळावं लागतं."

"तू कधी पळालास?" रेगिना म्हणाली. "तुझं पोट पळतं, तू मागून येतोस."

सगळे हसले. मग कास्परची आठवण झाली.

वेंडेलिन शेपटीमागे गवतात बसला. टाचा मातीत रोवल्या. शेपटीच्या कडीतून दोर ओवलेला असतो आणि त्याची दोन्ही टोकं धरणाऱ्याच्या हातात असतात. हुकूम झाला की उजव्या हातातलं टोक सोडायचं. दोर कडीतून सरकून निघतो आणि ग्लायडर सुटतं. डाव्या हातातलं टोक मात्र सोडायचं नाही. तेही सुटलं तर दोर ग्लायडरबरोबर वर जातो आणि सुकाणूत अडकतो.

"ओढा!" मास्तर ओरडले.

दोन्ही बाजूंचे चौघे चौघे उताराला लागले.

"पळा!"

रबर ताणून बोटाएवढं बारीक झालं. ग्लायडर थरथरायला लागलं.

"सोड!"

काही झालं नाही.

"सोड, वेंडेलिन!"

खाली माणसांचे पाय गवतावर घसरत होते. "काका, हात उपटून येतील आमचे!" बर्कार्ड ओरडला. मास्तरांनी रुमाल खाली घेतला, पुन्हा वर धरला. काय करावं ते त्यांना कळेना.

रेगिनाने मान वळवली नाही. पट्टे घट्ट होते.

"बाबा."

"हं."

"कापड नीट ताणलंय ना?"

"ताणलंय."

"पंखाची बांधणी?"

"दोनदा बघितली."

"मग?"

वेंडेलिन पांढऱ्या पंखाकडे पाहत होता.

"वारा पडेल, बाबा," ती हळूच म्हणाली.

त्याने उजव्या हाताकडे पाहिलं, कामाच्या फळीवर कोणी विसरून गेलेलं हत्यार पाहावं तसं. थोड्या वेळाने ती मूठ उघडली.

दोर कडीतून सळसळत निघाला. खाली आठही जण तोंडावर आपटले आणि ग्लायडर त्यांच्या डोक्यांवरून निघून गेलं. वेंडेलिनने वर पाहिलं नाही. ग्लायडर होतं तिथलं गवत दबलं होतं. तो त्या गवताकडे पाहत राहिला.

"चढतंय! चढतंय!"

"वळली बघा. दगडावर आली!"

"टाकलं! अरे... गेलं झाडात."

"जाऊ दे. किलियानला सवय आहे."

पुष्कळ वेळाने खालच्या कुरणातून आरोळी आली आणि सगळे जण ग्लायडर वर आणायला उतारावरून धावले. मास्तरही धावले. वेंडेलिन होता तिथेच बसून होता, टाचा रोवून.

खानावळीची वालबुर्गा कॉफी घेऊन आली. ती त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली.

"उतरली हो, वेंडेलिनभाऊ. नीट उतरली. बर्कार्डला शिव्या देतेय, ऐका."

त्याने मान हलवली. उजव्या हाताने पेला घेतला. डावी मूठ मांडीवर तशीच आवळलेली होती. तिच्यातून निघालेला दोर गवतात लांबवर पडला होता आणि दुसऱ्या टोकाला काही नव्हतं.

"तेही सोडा आता," वालबुर्गा म्हणाली. "ती गेली आणि आलीसुद्धा."

"हे टोक सोडायचं नसतं," वेंडेलिन म्हणाला.