पायगुण

नवी इलेक्ट्रिक गाडी दारात आली आणि आईची पाठदुखी पळाली. "गाडीचा पायगुण," मुलगा ज्याला त्याला सांगायचा.

आज वायरमनने घर पाहून सांगितलं, "चार्जिंगसाठी मीटरपासून वेगळी जाड वायर ओढा. ही जुनी वायर एवढा भार सोसायची नाही."

"महिनाभर सोसतेय की," मुलगा हसला. "उगाच भिंती कशाला फोडायच्या?"

आतल्या खोलीतून आईनेही री ओढली. "माझ्या पलंगामागची तर मुळीच फोडू नका. गाडी चार्जिंगला लावली की ती भिंत छान तापते. रोज तिथेच पाठ शेकते मी. आत्ताही टेकूनच बसलेय."

मुलाचं हसू तोंडातच राहिलं. वायरमन मेन स्विचकडे धावला, मुलगा आईकडे.