कोरी बाटली

पहिल्या बाटलीतल्या पाण्याच्या तपासणीचा कागद यंत्रातून बाहेर आला आणि प्रयोगशाळेतल्या बाईंनी तो उजेडात धरला. नको तिथंच, विषाच्या खुणेवर, रेघेचं टोक वर आलं होतं. दुसरीतही तेच. आठवीपर्यंत तेच.

टेकडीमागे जुने विषारी बॉम्ब जाळून संपवले, त्याला दोन वर्षं झाली होती. उरलेली राख खड्ड्यात पुरली होती. त्या खड्ड्यातून झिरपणाऱ्या पाण्यात विष नाही ना, एवढंच बाईंना लिहून द्यायचं होतं. असलं, तर टेकडीखालची वसाहत उठणार. बाईंचं घर त्याच वसाहतीत, विहिरीसकट. घर सोडायचं नाव काढलं की सासूबाई अन्नाला शिवत नसत.

विहिरीचं कौतुक तर विचारू नका. बाई ऑफिसात घरचंच पाणी पीत आणि येईल त्याला ऐकवत. शिपाईकाकांनी ते वीस वर्षं ऐकलं होतं.

आता उरली होती कोरी बाटली. दर खेपेला एका बाटलीत नुसतं शुद्ध पाणी भरून तीही तपासायची, अशी रीत असते. तिच्यात दिसेल तो यंत्राचा नाहीतर भांड्यांचा मळ. तो सगळ्या नमुन्यांतून वजा करायचा. ती भरायचं काम काकांचं.

कागद आला. तेच टोक, कणभर उंचच.

"काका, हिच्यात पाणी नीट भरलं होतंत ना?"

"त्याहून शुद्ध कुठं मिळायचं नाही," काका म्हणाले.

बाईंचा जीव भांड्यात पडला. म्हणजे दोष यंत्राचा; वजा केलं की बाकी शून्य. सुंठीवाचून खोकला गेला. आठही नमुने निर्धोक असं लिहून त्यांनी सही केली, साहेबांनी लगेच अहवाल पाठवला. घरी फोन केला तर सासूबाई म्हणाल्या, मी कुठं हलणार होते? पण जेवायला बसल्या.

बाईंनी आपली बाटली तोंडाला लावली. ती निम्मीच भरलेली होती. एवढं कधी प्याले, असं त्यांना वाटलं खरं, पण घसा कोरडा पडला होता. त्यांनी ती एका दमात संपवली.

तेवढ्यात पिशवी घेऊन मेकॅनिक दारात आला. शुद्ध पाणी तयार करायचं यंत्र परवापासून बंद आहे ना, कुठं आहे, असं त्यानं विचारलं.

बाईंनी काकांकडे पाहिलं.

"काम अडायला नको म्हणून तुमच्या बाटलीतलं घेतलं, बाई," काका म्हणाले. "तुमच्या विहिरीचं."