कच्ची नीळ
ड्रेस डिझायनर अपूर्वाने अमीनाबादच्या चौकात वीस हात घेराचा पांढरा अंगरखा टांगला होता. चिकनकारीच्या भरतकामाआधी नक्षी छापतात त्या कच्च्या निळीने त्यावर लखनौच्या गल्ल्या छापल्या होत्या. ज्याने त्याने आपली गल्ली टाक्यांनी भरायची. नंतर नीळ धुण्यात निघून जाणार होती, राहणार होते फक्त टाके. उपक्रमाच्या शेवटच्या संध्याकाळी तिचे बाबा आले. रेल्वेत इंजिनिअर म्हणून बत्तीस वर्षं इथे काढली, तरी ते स्वतःला पाहुणाच म्हणवत. परवा कायमचे सांगलीला निघणार होते. "बाबा, सामान बांधून झालं?" अपूर्वाने विचारलं. ते चष्मा सावरून आपली गल्ली शोधू लागले. अपूर्वाच्या आईचं शेवटचं वर्ष तिथेच गेलं होतं. कारागीर शकीलाबाजींनी सुई ओवून दिली. बाबांचे टाके वेडेवाकडे पडले. "धोने में निकल तो नहीं जाएगा?" त्यांनी विचारलं. "दो गाँठ लगा दीजिए, भाईसाहब." बाबांनी चार गाठी मारल्या.