महिनाभराची शांतता

सुरय्याने भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला आणि घरातला शेवटचा आवाज बंद झाला.

"हं अब्बा, आता घ्या श्वास," ती कुजबुजली.

सतरंजीवर बसलेल्या इसाकमियांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, डोळे मिटले. नाकाने चार आकडे श्वास आत घ्यायचा, तोंडाने आठ आकडे हळूहळू सोडायचा, असं डॉक्टरांनी शिकवलं होतं. आत घेताना चार नीट झाले. सोडताना तीनवरच गाडी अडली. इसाकमियांनी दचकून डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि छाती धरून खोकत बसले.

चाळीस वर्षं मालेगावात यंत्रमाग चालवून त्यांच्या छातीत कापसाची धूळ बसली होती. मुलगा शहजाद नाशिकला अंबडच्या एका कंपनीत होता. त्याने वडलांना सातपूरला आपल्या दोन खोल्यांत आणलं. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चालू ठेवा आणि शांत जागी बसून रोज दोन वेळा हा श्वास करा. पुन्हा धुळीत गेलात, तर ही छाती फार दिवस काढणार नाही." इसाकमियांनी घरी येऊन जाहीर केलं, "एक महिना बघतो. जमलं तर राहतो. नाहीतर आपलं मालेगाव बरं. तिथे निदान श्वास तरी यायचा."

सुरय्या हट्टाला पेटली. तिला अब्बांना जाऊ द्यायचं नव्हतं. टीव्हीवर चादर पडली. शिलाई मशीन आतल्या खोलीत कोपऱ्यात गेली. नऊ वर्षांची फलक पाढे ओठांतल्या ओठांत म्हणू लागली, त्यामुळे ती बरोबर म्हणते की चूक, हे अल्लाच जाणे. शहजाद स्कूटर गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेऊन मग किक मारायचा. कुकर तर शिट्ट्या मारायला शेजारच्या रंगूबाईंकडे जायचा आणि मुकाट्याने परत यायचा. पंखा कुरकुरतो म्हणून बंद. मार्चच्या उकाड्यात सगळं घर घामाघूम आणि चिडीचूप.

आणि घर जितकं शांत, तितका अब्बांचा श्वास आखूड.

"अजून कुठून तरी आवाज येत असणार," सुरय्या म्हणायची आणि शोधायला निघायची. त्या शोधातच घड्याळ सापडलं होतं.

महिना संपला. आठाचा आकडा काही गाठला गेला नाही. इसाकमियांनी पिशवी भरली, तीनच्या एसटीने निघायचं ठरवलं आणि बाहेरच्या खोलीत वाट बघत बसले. शहजाद ड्यूटीवर होता, फलक शाळेत. सुरय्याला वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. एवढं करून हा माणूस धूळ खायला परत निघाला! आता शांतता ठेवायची तरी कोणासाठी? तिने घड्याळात सेल घातला, दोन्ही खोल्यांतले पंखे लावले, मशीन पुढे ओढली, रंगूबाईंचा महिनाभर रखडलेला ब्लाउज घेतला आणि खडखड सुरू केली.

एक वाजता लाइट गेली. २००६ साली एसटीपेक्षा लोडशेडिंग वेळेवर असायचं. पंखे थांबले, रंगूबाईंचा टीव्ही गप्प झाला, सगळी गल्ली गप्प झाली. सुरय्याने मान वर केली नाही. ती तशीच रागारागाने शिवत राहिली.

दोन्ही बाह्या लागल्यावर तिच्या लक्षात आलं, की बाहेरच्या खोलीतून कितीतरी वेळ खोकला ऐकू आलेला नाही. मशीन तशीच टाकून ती धावली.

इसाकमिया भिंतीला टेकून बसले होते. डोळे मिटलेले, एक हात पोटावर, ओठांचा चंबू. श्वास सावकाश बाहेर येत होता. सुरय्या दारातच थांबून मोजू लागली. सहा, सात, आठ. नऊसुद्धा झाले.

मग त्यांनी एक डोळा उघडला. "का थांबलीस?"

"अब्बा, अडीच वाजले. एसटी..."

"एसटी जाऊ दे. मशीन का थांबली? लाइट गेली काय?"

"लाइट जाऊन दीड तास झाला. माझी मशीन पायाची आहे. तिला कशाला लागते लाइट?"

इसाकमियांनी थांबलेल्या पंख्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. त्यांना हसू फुटलं.

"बेटा, मालेगावात सगळे माग एकदम गप्प झाले ना, की झोपलेलं पोरसुद्धा दचकून उठतं. शांतता झाली म्हणजे लाइट गेली, आणि लाइट गेली म्हणजे हातातलं काम गेलं. महिनाभर तुम्ही रोज दोन वेळा माझी लाइट घालवत होता."