तिसऱ्या पायरीवरून पाहणी

सत्तरीपुढच्या भाडेकरूला काढता येत नाही. घर बंद पडून असेल तरच काढता येतं. मी चौऱ्याहत्तरची. म्हणून मेल्या मालकाने दुरुस्तीच्या नावाखाली जिन्याचा कठडाच उखडून नेला. कठड्याशिवाय माझे गुडघे उतरेनात, चार महिने मी वरच. त्याने खुशाल अर्ज ठोकला, 'घर बंद आहे.'

चौकशीला साहेब आले. मी वरून ओरडले, "अहो, ही काय मी! या वर, चहा टाकते."

ते तीन पायऱ्या चढले आणि भिंतीला धरून तसेच मागे उतरले. "नको आजी, तोल गेला तर? दिसलात तुम्ही, पुरे."

आठ दिवसांनी अहवाल आला.

 

"जिन्याला कठडा नाही. सबब, वर कोणी राहत असणे शक्य नाही."