कोपराखाली चार बोटं

“तुमाला खरं वाटनार नाय,” कमळाकर गवंडी म्हणाला, “पन जासईला मी एकट्यानं साडेतीनशे किलोचा ओटा भितीवर चढवला. खाली पाय नाय, टेकू नाय. तोंडात विडी हुती, ती पन विझली नाय.”

आजच्या ओट्याची लादी उचलायला त्याच्या पोरानं, कल्पेशनं, जिममधले दोन मित्र धरून आणले होते. खारघरच्या टॉवरमधले. शेजारच्या ओवे गावातल्या त्या बुटक्या स्वयंपाकघरात ते खांदे चोरून उभे होते.

“मग काका, आहे का अजून तो ओटा?”

“ओटा हाय, घर नाय. कंटेनरवाल्यांनी घर पाडलं, भिती पाडल्या. ओटा जागचा हल्ला नाय. हवेतच हाय. ट्रेलर त्याला वळसा घालून जातात.”

“आनि पावसाळ्यात डायवर लोक त्याच्याखाली बसून च्या पितात,” चाकांच्या खुर्चीतून वेणू म्हणाली. “मी बघितलंय.”

त्रेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याची एकही थाप मोडली नव्हती. एखादी आखूड पडली, तर तीच जोड द्यायची.

आजचा ओटा मात्र खरा होता. पाच फुटांचा, काँक्रीटचा. पोटात सळया घालून कमळाकरनं तो अंगणात स्वतः ओतला होता. शिमग्यात वेणूचे पाय गेले, तेव्हापासून घरात शेजारचा डबा यायचा आणि ती तो नाक मुरडत खायची. जुन्या ओट्याखाली खुर्ची शिरत नव्हती. खालचे पाय काढावेत, तर कडप्पा मधोमध तडकतो. म्हणून काँक्रीट, आणि तेही कोपऱ्यात, दोन बाजूंनी भिंतीत रुतवलेलं.

कमळाकरचं माप टेपचं नव्हतं. ओटा जिचा, त्या बाईला तो भिंतीशी उभी करायचा, कोपर दुमडायला लावायचा आणि कोपराखाली चार बोटं सोडून पेन्सिलीची रेघ मारायचा. पनवेल-उरणच्या कितीतरी बायका अशा त्याच्यापुढं उभ्या राहिल्या होत्या. सकाळी त्यानं वेणूची खुर्ची भिंतीशी नेली. तिनं कोपर दुमडलं. चार बोटं सोडायला गेला, तर गुडघे आडवे येत होते. त्यानं कोपराशीच रेघ मारली.

“माजी चार बोटं कुटं गेली?”

“तुला सूट दिली.”

आता तो त्या रेघेवर छिन्नीनं खाच पाडत होता. रेघ त्याच्या मांडीपाशी आली होती, त्यामुळं सगळं काम उकिडवं बसून.

“बाबा, खाच कशाला?” कल्पेश म्हणाला. “लोखंडी अँगल मारू ना, नटबोल्टचे. आई उभी राहिली की ओटा काढायचा आणि वर घ्यायचा.”

कमळाकरनं वर पाहिलं नाही. “नको.”

“अहो, पण मग नंतर भिंत फोडावी लागेल.”

“नको बोल्लो ना!”

हातोडी जोरात बसायला लागली.

काल पनवेलच्या डॉक्टरनं त्याला एकट्यालाच आत बोलावलं होतं. पाय आता परत यायचे नाहीत. आशा ठेवू नका. दोनच वाक्यं. रिक्षात वेणूनं विचारलं, तर “घरी सांगतो” म्हणाला. घरी विचारलं, तर “जेवू दे आधी.” कल्पेशला काहीच ठाऊक नव्हतं.

दुपारी चौघांनी लादी उचलली. पोरं लालबुंद झाली, कमळाकरच्या मानेच्या शिरा तटतटल्या. लादी खाचेत सरकली, तेव्हा भिंत घशातून बोलल्यासारखी बोलली. त्यानं खाली चार लाकडी टेकू दिले, फटीत खडीचे तुकडे ठोकले, सिमेंट दाबून भरलं आणि वर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध थांबला.

“काका, भारी,” एक जण म्हणाला.

“चार दिवस हात लावायचा नाय. मंग हत्ती बसवा.”

कल्पेश मित्रांना सोडायला गेला. घरात दोघंच राहिली. वेणू टेकूंच्या मधून खुर्ची आत घेऊन गेली. गुडघे अडले नाहीत. चार दिवस थांबायचं सोडून तिनं दोन्ही पंजे काँक्रीटवर पसरले.

“डाक्टर काय बोल्ला?”

कमळाकर थापी धूत होता. ती स्वच्छ झाली होती, तरी धूत होता.

“तुला खरं वाटनार नाय, वेणू. बोल्ला, असली बाई मी उभ्या जन्मात बघितली नाय. गौरी येईस्तवर पायावर. बोल्ला, फुगड्या घालंल ही. मला बोल्ला, तुमीच दमाल.”

तो तिच्याकडं बघून हसला आणि थांबला.

वेणूनं भिंतीच्या सांध्यातलं ओलं सिमेंट बोटानं चाचपलं. मग बोट पदराला पुसलं.

“खोटं,” ती म्हणाली. “मी उभी राहनार असती, तर तुमी अँगल लावला असता.”